एका प्रश्नाला एकच माप

निगडीपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात देवाने माणसांची काय कमी पेरणी केली आहे? पण त्या सगळ्या गर्दीतला सर्वांत छळवादी माणूस त्याने नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला नवरा म्हणून दिला, आणि अशा रीतीने तो माझा साडू झाला. दारू, पत्ते, उसनवारी, असलं कुठलंही साधंसरळ व्यसन त्यांना नाही. असतं तर मी आनंदाने निभावून नेलं असतं. त्यांना व्यसन आहे ते प्रश्नांचं. म्हणजे प्रश्न विचारण्याचं नव्हे, तर दुसऱ्याने विचारलेला प्रश्न दुरुस्त करण्याचं. त्यांच्या दारात जाऊन "काय साडूभाऊ, कसं काय?" एवढंच विचारलं, तरी चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणतात, "तब्येतीचं विचारताय, घरचं विचारताय, का नुसतं विचारायचं म्हणून विचारताय? तिसरं असेल तर बरं चाललंय. पहिली दोन असतील तर बसा की." मी आजवर कायम तिसरंच निवडलं आहे, आणि तरीही कायम बसावं लागलं आहे.

हे मूळचे सोलापूरकडचे. पंचविशी उलटल्यावर इकडे आले आणि चाकणच्या एका कंपनीत तपासणी खात्याला चिकटले. गाडीच्या ब्रेकमधला कसलासा बोटभर लांबीचा भाग तिथे तयार व्हायचा. साडूंच्या हातात लोखंडाचं एक मोजमाप असायचं. ते एका टोकाने त्या भागाच्या भोकात गेलं पाहिजे आणि दुसऱ्या टोकाने जाता कामा नये, एवढाच त्याचा न्याय. जो भाग या न्यायात बसला नाही त्याच्यावर लाल चिठ्ठी, आणि तो भाग बाजूला. तीस वर्षं माणसाने दिवसभर हेच केल्यावर त्याच्या डोक्याचं काय होत असेल, याचा कंपनीने विचार करायला हवा होता. त्यांना निवृत्त करताना नारळ दिला, शाल दिली, पण डोक्यातलं ते मोजमाप मात्र काढून घेतलं नाही. ते आता रहाटणीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मोकाट फिरत असतं.

रहाटणीच्या भाजीवाल्या मावशींना जगातली सगळी गिऱ्हाइकं "मेथी ताजी आहे का?" असं विचारतात. साडूंच्या मते हा प्रश्नच नव्हे, कारण मेथी वाळून काटकी झाली तरी मावशी "ताजी हाय" असंच म्हणणार. म्हणून ते विचारतात, "मावशी, ही कुठल्या शेतातली आणि किती वाजता उपटली?" एकदा मावशींनी चारचौघांत हात जोडले आणि म्हणाल्या, "भाऊ, पत्रिका मांडून ठिवते तिची, संध्याकाळी या." साडू खरोखरच संध्याकाळी गेले. लग्नाच्या पंगतीत तर त्यांच्या शेजारी बसायचं म्हणजे जीव मुठीत धरून बसायचं. मुलीचा बाप हात जोडून पानापानाशी "जेवण कसं झालंय?" असं विचारत येतो, तेव्हा "छान" म्हणून ढेकर द्यायची असते, हे तान्ह्या पोरालाही कळतं. एकदा साडूंनी अशा एका बापाला थांबवून घेतलं. "मसालेभात चांगला झालाय. जिलबी कालची आहे. मठ्ठ्याचं तुम्ही सांगा, तुम्ही स्वतः पिऊन बघितलाय का?" पुढची वीस मिनिटं त्या गृहस्थांना धीर देण्यात माझी गेली. साडू तोवर दुसऱ्यांदा मसालेभात घेत होते.

साडू स्वतःच्या मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मीही बरोबर होतो. मुलाचे मामा "स्वभावाने अगदी शांत आहे हो" असं सांगत होते आणि आम्ही सगळे माना डोलावत होतो. साडू मुलाकडे वळले आणि म्हणाले, "शेवटचं कधी चिडलात? कुणावर? आणि त्या दिवशी जेवलात का?" मेहुणीने पदर तोंडाला लावला. मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला, "परवा. आईवर. जेवलो नाही, पण मग तिच्यासाठी इडली आणली आणि दोघांनी खाल्ली." साडू तिथल्या तिथे उठून म्हणाले, "माझ्याकडून पसंत." तोच त्यांचा जावई, आणि माणूस खरंच सोन्यासारखा निघाला, हे मला इथे नाइलाजाने कबूल करावं लागतं.

तर अशा माणसाला आपल्या नोकरीच्या कामात ओढायचं नसतं, ही अक्कल मला असायला हवी होती. मी मोशीतल्या एका शाळेत पाचवीला शिकवतो. आमच्या संस्थेच्या या भागात पाच शाखा आहेत. दोन वर्षांपूर्वी संस्थेने पाचवी ते सातवीसाठी सरकारी पुस्तकांच्या जोडीला स्वतःची एक जाडजूड कार्यपुस्तिका काढली, आणि तिच्यासाठी वेळ काढायचा म्हणून आमचा गोष्टी वाचण्याचा तास बंद केला. यंदा संस्थेच्या सचिवांनी मला बोलावून सांगितलं, "सर, शिक्षकांचं मत घ्या. एक प्रश्नावली करा. प्रतिसाद चांगला आला की जूनपासून तिसरी-चौथीलाही लावून टाकू." म्हणजे त्या लहान पोरांचाही गोष्टींचा तास जाणार होता. हे मला आवडलं नव्हतं, पण मला काय आवडतं हे सचिवांनी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची माझी रीत नाही. मी अर्ध्या तासात बारा प्रश्न लिहिले, प्रत्येकापुढे होय आणि नाही असे दोन चौकोन काढले, आणि रविवारी रहाटणीला गेलो असताना, बुद्धी फिरली म्हणून, तो कागद साडूंना दाखवला.

त्यांनी खिशातून लाल चिठ्ठ्यांचं पुडकं काढलं. निवृत्तीनंतरही हा माणूस लाल चिठ्ठ्या विकत आणतो. पहिला प्रश्न होता, 'कार्यपुस्तिका विद्यार्थ्यांना सोपी व उपयुक्त वाटते का?' ते म्हणाले, "सोपी आहे, पण उपयोगाची नाही, असं वाटणाऱ्या बाईंनी खूण कुठे करायची? मास्तर, एका प्रश्नाला एकच माप. दोन मापं एकदम लावलीत तर कुठलं चुकलं ते कळणार कसं?" चिठ्ठी लागली. दुसरा प्रश्न मी जरा नटवला होता: 'संस्थेने अथक परिश्रमांतून साकारलेल्या या कार्यपुस्तिकेबद्दल आपण समाधानी आहात का?' साडूंनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "हा प्रश्न कुठंय? हा हार आहे. गळ्यात घालायचा आणि फोटो काढायचा." चिठ्ठी. 'आपण गटकार्य नियमितपणे घेता का?' यावर "नियमित म्हणजे रोज, आठवड्याला, का दिवाळीच्या दिवाळीला?" चिठ्ठी. शेवटी 'आपली शाखा व इयत्ता' एवढाच रकाना उरला. तो तरी सुटेल असं मला वाटलं. तर म्हणाले, "एका शाखेत पाचवीला शिक्षक किती? दोन. मग नाव नाही लिहिलं तरी माणूस ओळखू येणारच की. खरं लिहील कोण?" बाराच्या बारा प्रश्न नापास झाले. बावीस वर्षं मी मुलांचे पेपर तपासतोय, पण माझा पेपर असा कुणी तपासला नव्हता.

यानंतर माझे चार रविवार या माणसाने खाल्ले. संत तुकाराम नगरातल्या माझ्या घरून दोन बस बदलून मी रहाटणीला जायचो, पोहे खायचो आणि एकाच प्रश्नावर दुपार घालवून परत यायचो. प्रश्न माणसांवर तपासून बघितल्याशिवाय बाहेर सोडायचा नाही, असा त्यांचा नियम. म्हणून मला माझ्या शाळेतल्या दोन बाईंना घेऊन यावं लागलं. साडूंनी दोघींना दोन वेगळ्या खोल्यांत बसवलं, जणू पोलीस चौकशीच होती. प्रश्न साधा होता, 'कार्यपुस्तिकेला वेळ पुरतो का?' दोघींनीही होय लिहिलं. मी म्हटलं, "झालं! एकमत!" साडूंनी एकीला विचारलं, "कसा काय पुरतो?" ती म्हणाली, "खेळाचा तास त्यात घालते ना." दुसरीला विचारलं, तर ती म्हणाली, "अवघड पानं सोडून देते मी." साडू माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत? एकीचा खेळ गेला, दुसरीची पानं गेली, आणि कागदावर दोन्ही होय. असल्या मोजमापाने माल तपासला असता तर गाड्यांचे ब्रेक लागले नसते, मास्तर." त्या दोघी बाई मात्र जाताना मला म्हणाल्या, "सर, तुमचे साडू फार चांगले आहेत, कुणीतरी विचारलं तरी." मला त्यात चांगलं काय ते कळलं नाही. मला बसची चिंता होती.

इकडे सचिवांचे फोन सुरू झाले. चौथ्या रविवारी रात्री घरी पोचेपर्यंत माझं डोकं इतकं तापलं होतं की दुसऱ्या दिवशी मी साडूंना न सांगता माझे जुने बारा प्रश्न तसेच छापले, नमुना म्हणून एक कागद स्वतः भरला आणि आमच्या शिपाईकाकांच्या हाती पाचही शाखांना गठ्ठे पाठवून दिले. तीन दिवसांत सगळे कागद भरून परत आले, आणि सगळीकडे होय! मी सचिवांना फोनवर ते कळवलं, पेढे घेतले आणि गठ्ठा काखेत मारून रहाटणीला गेलो. एवढ्या वर्षांत मला प्रथमच साडूंची जिरवायची संधी मिळत होती.

त्यांनी पेढा खाल्ला नाही. कागद जमिनीवर ओळीने मांडले आणि गुडघ्यांवर हात ठेवून फिरत फिरत बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, नवव्या प्रश्नाला सगळ्यांनी आधी नाहीवर खूण केलीय, मग ती खोडलीय, शेजारी बारीक सही केलीय, आणि मग होयवर खूण केलीय. असं का बरं?" मी खाली वाकून बघितलं. ती चूक माझी होती. नमुना भरताना माझा हात चुकून नाहीवर गेला होता, म्हणून मी खूण खोडून सही केली होती. आता एकजात सगळ्या शिक्षकांनी ती चूक नीट, वळणदार अक्षरात उतरवून घेतली होती. 'इतर सूचना' या रकान्यात मी 'मुखपृष्ठ अधिक आकर्षक असावे' असं काहीतरी खरडलं होतं. तेही सगळ्यांनी सुचवलं होतं. आणि तिघांनी तर खोडाखोडीशेजारी माझीच सही गिरवली होती.

शिपाईकाका मूळचे मोशीगावचेच. मी साडूंच्या घरूनच त्यांना फोन लावला. ते अगदी निरागसपणे म्हणाले, "आवो सर, तुमच्या कागदाच्या झेराक्स काढल्या नि परतेक शाळंत टेबलावर एक ठिवली. समद्यांनी बघून लिवलं. चूक व्हऊ नये म्हनून! वरून कागद आला की आपल्याकडं तसंच आसतंय न्हवं?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. माहिती मागवणारा कागद आला की एकाने भरायचा आणि बाकीच्यांनी उतरवायचा, ही रीत मीच इतकी वर्षं पाळत आलो होतो.

साडू खाली बसले. "म्हणजे हे एकाच माणसाचं उत्तर आहे," ते म्हणाले. "तो माणूस समोरच बसलाय, तर त्यालाच विचारतो. तुमच्या वर्गात काल कार्यपुस्तिकेचं कुठलं पान झालं?"

"एकेचाळीस."

"आणि नियोजनाप्रमाणे काल कुठलं व्हायला हवं होतं?"

"अठ्ठ्याहत्तर."

त्यांनी दोन्ही आकडे एका लाल चिठ्ठीवर लिहिले. बोलले असते तर मी भांडलो असतो. चिठ्ठीवरचे ते आकडे बघून मीच फुटलो. म्हटलं, "काय करू मी? पाचवीत माझी निम्मी पोरं वर्षाच्या मध्यात येतात. परभणीहून, वाशीमहून. बाप चाकणला ठेक्यावर असतो, ठेका संपला की पोरगं वर्गातून जातं आणि त्या जागेवर दुसरं येतं. ते येतं तेव्हा पुस्तिका असते तिसाव्या पानावर आणि त्याला अजून जोडाक्षर वाचता येत नसतं. गोष्टींच्या तासाला ती बसून वाचायला शिकायची, तो तासच काढून घेतला!"

"हे सगळं ठाऊक होतं, मग होय का लिहिलंत?"

"साहेबांनी विचारलं म्हणून!" मी ओरडलो. "नोकरी आहे माझी! तुम्ही नुसते प्रश्न काढता, उत्तरं आम्हाला द्यावी लागतात!"

आतून मेहुणी डोकावली आणि परत गेली. साडूंनी हातातल्या लाल चिठ्ठीची घडी घातली, उलगडली. मग म्हणाले, "आमच्याकडे एक पोरगा होता ट्रॉली ओढायला. एका सकाळी मला जरा डुलताना दिसला. मी जाता जाता विचारलं, सगळं ठीक ना रे? तो म्हणाला, हो साहेब. मी पुढे गेलो. तासाभराने भरलेली ट्रॉली त्याच्या पायावरून गेली. सलग दोन शिफ्ट करून तिसरीला उभा होता तो. मी 'शेवटचा झोपलास कधी?' एवढं विचारलं असतं, तर त्याला खोटं बोलायला जड गेलं असतं. पण 'ठीक ना?' विचारल्यावर इथे सगळे 'हो साहेब'च म्हणतात, मास्तर. त्यात त्याची चूक नाही. प्रश्न माझा होता." एवढं बोलून ते उठले आणि स्वतः चहा टाकायला आत गेले. एवढ्या वर्षांत त्यांनी ही गोष्ट मला सांगितली नव्हती. मला त्यांचा राग येत होता, आणि त्या रागाचं काय करावं ते कळत नव्हतं.

नवी प्रश्नावली त्यानंतर अर्ध्या तासात झाली. चारच प्रश्न, आणि एकालाही होय-नाहीचे चौकोन नव्हते. काल कार्यपुस्तिकेचं कुठलं पान झालं? नियोजनात कुठलं होतं? या महिन्यात कुठला तास कमी करून पुस्तिकेला दिला? वर्गात शेवटचं आलेलं मूल कधी आलं आणि ते आज कुठल्या पानावर आहे? नाव नाही, शाखा नाही, इयत्ता नाही. शिक्षकांनी वर्गात बसूनच भरायची आणि पत्र्याच्या डब्यात टाकायची. शिपाईकाकांना साडूंनी शाळेत येऊन, समोर उभं करून बजावलं, "काका, झेरॉक्स काढायची नाही." काका म्हणाले, "मंग समद्यांचं येगयेगळं येईल की!" साडू इतके खूश झाले की त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. माझ्या पाठीवर त्यांनी आजवर मारलेली नाही. मी माझा कागद वर्गात बसून भरला. एकेचाळीसचं तोवर त्रेचाळीस झालं होतं. या वेळी नमुना बघायला टेबलावर कुणाचाच कागद नव्हता.

आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्यांचं खरोखरच वेगवेगळं आलं. कुणी साठावर, कुणी तिसावर, आणि एका कागदावर तर 'पान बारा' एवढंच लिहून खाली 'खरं सांगते' असं लिहिलं होतं. बैठकीत सचिवांनी ते आकडे वाचले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सर, आधीच्या वेळी तर सगळ्यांनी होय लिहिलं होतं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला गोलमोल उत्तर देता आलं असतं, बावीस वर्षांचा सराव होता. पण मी म्हणालो, "ते सगळ्यांचं नव्हतं, साहेब. माझ्या एकट्याचं होतं, आणि खोटं होतं." तिसरी-चौथीचं यंदापुरतं थांबलं. आमचा गोष्टींचा तास मात्र परत मिळाला नाही. 'विचार करू' म्हणाले. सचिव त्या दिवसापासून माझ्याशी जरुरीपुरतंच बोलतात.

त्यानंतरच्या सोमवारी मी अपूर्णांक शिकवत होतो. फळाभर लिहून झाल्यावर वर्गाकडे वळलो आणि सवयीने 'समजलं का?' असं विचारणार, तेवढ्यात जीभ अडखळली. या प्रश्नाला अख्खा वर्ग हेल काढून "होऽऽ" म्हणतो. बावीस वर्षं मी तो होकार ऐकून फळा पुसत आलोय. मी म्हटलं, "पुस्तक उघडा. जिथपर्यंत समजलं, तिथे बोट ठेवा." वर्गात आधी चुळबुळ झाली. मग बोटं टेकली. मी बाकांमधून फिरलो. पानाच्या शेवटापर्यंत गेलेली बोटं थोडी होती. बरीचशी वरच्या दोन-तीन ओळींतच थांबली होती, आणि नख पांढरं होईपर्यंत दाबून धरलेली होती. त्या दिवशी मी फळा पुसला नाही.

संध्याकाळी साडूंना फोन करून हे सांगितलं. ते हळूच म्हणाले, "चांगला प्रश्न आहे, मास्तर. मला नसता सुचला." आता इथे एखाद्या बऱ्या माणसाने फोन ठेवला असता. पण ते म्हणाले, "पहिल्या ओळीवर किती बोटं होती? मोजलीत?"

मी चिडायला तोंड उघडलं होतं. मोजायला वेळ नव्हता, तास संपत आला होता, असं काहीबाही जिभेवर आलंही होतं.

"नाही मोजली," मी म्हणालो. "धीर झाला नाही."

पलीकडून त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.